पेपर बाहेर आला

नाथाजी लाडांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि समोर बसलेल्या डॉ. जीनत शिकलगार यांना सांगितलं, "मॅडम, आता काळजी सोडा. हॉल भरला म्हणून समजा."

मॅडमनी काळजी सोडली नाही. त्या येरळाकाठ विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवत होत्या, आणि वरून ओली दिसणारी जमीन आत किती कोरडी असते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"सुभेदार, गेल्या सभेला सहा माणसं आली होती," त्या म्हणाल्या. "त्यातली दोन पंखा दुरुस्त करायला."

"तवा मी शुद्ध मराठीत लिहिलं हुतं मॅडम. तितंच चुकलं."

नाथाजी कुंडलचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि विद्यापीठाचे जनसंपर्क अधिकारी झाले. या दोन कामांत त्यांना फारसा फरक वाटत नसे. दोन्हीकडे वरून आलेला निरोप खाली पोचवायचा आणि खालून काही आलंच तर वर जाऊ द्यायचं नाही. पण शिकलगार मॅडमचं काम त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ते या बाईंना मनातल्या मनात कडक सलाम ठोकत आले होते.

काम साधं होतं. म्हणजे सांगायला साधं. आटपाडीकडच्या मेंढ्यांची लोकर राठ. घोंगड्यांना पूर्वीसारखं गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून कातरलेली लोकर लोक उकिरड्यावर टाकत. मॅडमनी ती गोळा केली, धुतली, दाबून तिच्या भाकरीएवढ्या चकत्या केल्या आणि डाळिंबाच्या झाडांच्या बुंध्याभोवती अंथरल्या. चकतीखालची माती ओलावा धरून राहायची. जिथे दोनदा पाणी द्यावं लागे तिथे एकदा पुरायचं. एवढं सिद्ध करायला मॅडम चार वर्षं आटपाडीच्या उन्हात बसल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीचे प्राध्यापक महाबळेश्वरला जात, तेव्हा या बाई डाळिंबाखाली जमिनीला थर्मामीटर लावून बसत, जणू तिला ताप भरलाय.

त्या चार वर्षांवरचा लेख काल इंग्लंडमधल्या एका मोठ्या नियतकालिकात छापून आला होता. आणि आज दुपारी दिल्लीहून एक समिती येणार होती. शेतकरी आपणहून पुढे आले, तर हा प्रयोग पन्नास बागांत नेण्यासाठी मदत मिळणार होती. समितीला रिकाम्या खुर्च्या दिसल्या, तर प्रयोग इथेच संपणार होता आणि लोकर पुन्हा उकिरड्यावर जाणार होती.

म्हणून हॉल भरणं जरुरीचं होतं, आणि ते काम नाथाजींनी अंगावर घेतलं होतं.

आजवर ते बातम्या लिहीत त्या अशा : 'आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधनिबंध प्रकाशित.' वर्तमानपत्रं ती बातमी एसटीच्या वेळापत्रकाखाली छापत, आणि लोक वेळापत्रक वाचून थांबत. विचार करकरून नाथाजी या निष्कर्षाला आले होते, की सगळा घोटाळा 'शोधनिबंध' या शब्दाने केला आहे. प्राध्यापक मंडळी आपसांत असं कुठे बोलतात? ते म्हणतात, 'माझा पेपर आला.' मग लोकांशीही तसंच बोलावं.

त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं :

'आनंदाची बातमी! डॉ. जीनत शिकलगार मॅडमचा पेपर बाहेर आला आहे. चार वर्षांच्या कष्टाचं फळ! ज्यांना पाहिजे त्यांनी आज दुपारी सभागृहात यावे. प्रत्येकाला प्रत मिळेल. आपल्या माणसांनाही कळवा. – सुभेदार (नि.) नाथाजी लाड, जनसंपर्क अधिकारी.'

हा संदेश त्यांनी विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या, माजी सैनिकांच्या आणि डाळिंबवाल्यांच्या अशा सगळ्या ग्रुपवर सोडला. दुसऱ्या दिवसापासून विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होत होत्या आणि पहिलाच विषय मृदाशास्त्र होता, हे नाथाजींना माहीत नव्हतं असं नाही. 'परीक्षार्थींना हार्दिक शुभेच्छा' हा संदेश त्यांनीच तासाभरापूर्वी, त्याच ग्रुपवर टाकला होता.

आता मोबाइल पालथा पडल्या पडल्या थरथरायला लागला. नाथाजींनी तो उचलला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मॅडम, बगा! पोरं म्हंत्यात, 'सुभेदार, देवमाणूस हाय तुमी!' मातीवर येवढं प्रेम! आन् आपण म्हणतो पोरं बिघडली."

"काय विचारतायत?"

"एक विचारतंय, 'खरा हाय का?' मी लिवलं, शंभर टक्के खरा. दुसरं म्हणतंय, 'सगळा हाय, का नुसतं इंपॉर्टंट?' मी लिवलं, सगळा, पयल्या पानापास्नं."

मॅडमना जरा नवल वाटलं; पण चार वर्षांनी कुणीतरी काहीतरी विचारत होतं, म्हणून त्यांनी ते फार मनावर घेतलं नाही. त्या उठून सभागृहात मातीच्या कुंड्या मांडायला गेल्या.

त्या गेल्या आणि विट्याहून फोन आला. ज्योतिबा देवकरांचा कोइमतूरला सोनं गाळायचा धंदा होता, गावाकडे डाळिंबाची बाग होती आणि विद्यापीठात साईराज नावाचा मुलगा होता. तिन्हींत फक्त साईराजचं काही खरं नव्हतं.

"सुभेदार, आमचं पोरगं मातीच्या पेपराला तिसऱ्यांदा बसतंय. त्यो तुमचा पेपर खात्रीचा हाय न्हवं?"

"आवं, खात्रीचा म्हंजे? इंग्लंडच्या दोन बड्या लोकांनी तपासलाय. त्यांनी व्हय म्हटल्याबिगार बाहेरच येत न्हाई."

"इंग्लंडच्या?" पलीकडचा आवाज एकदम दबका झाला. "लय वरपातुर गेलंय की हे, गड्या."

"वरपातुरच! आन् असं करा, पोराबरूबर तुमीबी या. तुमालाच जादा उपेग हाय."

"येतो की. त्येच्या एकट्याच्या डोक्यात न्हाई बसायचा. दोघं मिळून पाठ करू."

मुलासाठी असा धावून येणारा बाप पाहून नाथाजींना भरून आलं. ते डोळे टिपतात तोच आतला फोन वाजला. परीक्षा नियंत्रक वीरधवल घोरपडे बोलत होते. हे गृहस्थ इतके दक्ष, की जेवणाचा डबाही इकडेतिकडे बघून उघडत.

"सुभेदार, पेपर बाहेर आला हे खरं आहे?"

"व्हय साहेब! काल संध्याकाळी."

"काल? आणि मला आज कळतंय?"

"सगळ्यांस्नी एकदमच सांगितलं साहेब. भेदभाव न्हाई केला."

"कुणी काढला बाहेर?"

"मॅडमनीच! पर एकट्या न्हवत्या. आनखी तिघं सामील हुते."

"तिघं! कोण कोण?"

"नावं छापल्याली हायत साहेब, पेपरावरच. दुसरं कुणी असतं तर एकट्यानंच श्रेय खाल्लं असतं. मॅडमचं मन लय मोठं."

घोरपडे साहेबांचा आवाज बारीक झाला. "हे कधीपासून चाललंय?"

"चार वर्सं झाली."

"चार वर्षं! माझ्या नाकाखाली?"

"तुमी कवा तिकडं फिरकलाच न्हाई साहेब. रागावू नका, पर वरिष्ठांनी अदनंमदनं जाऊन पाठीवर हात ठेवावा. मानूस आनखी जोमानं करतंय."

फोन बंद झाला. साहेबांना पटलं असावं, असं नाथाजींना वाटलं. साहेबांनी पोलीस ठाण्याचा नंबर लावला होता.

दुपारी नाथाजी सभागृहाच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांना आपण युद्ध जिंकल्यासारखं वाटलं. फाटकापासून मोटारसायकली लागल्या होत्या. पलूसकडून जीप आल्या, आटपाडीकडून टेम्पो. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग पोरं खिडकीत बसली. बरेच बाप मुलांना घट्ट धरून आणत होते. लसीकरणालाही इतक्या बंदोबस्तात कुणी मुलं आणत नाही.

दिल्लीच्या समितीची गाडी फाटकापाशीच अडकली. अध्यक्षांनी काच खाली करून ड्रायव्हरला विचारलं, "यहाँ कोई मेला है क्या?"

"नई साब," ड्रायव्हर म्हणाला. "शिकलगार मॅडम का पेपर आया है."

अध्यक्षांचं आयुष्य विज्ञानात गेलं होतं. त्यांचेही पेपर आले होते. एकदाही रस्ता बंद झाला नव्हता. ते काच वर करायची विसरले.

समितीला नाथाजींनी पहिल्या रांगेत बसवलं आणि तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. फौजदार राजनंदिनी यमगर उतरल्या, त्यांनी दाराला एकेक शिपाई लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आतलं मानूस भाईर जायचं न्हाई. भाईरचं आत यायचं न्हाई." अध्यक्षांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. "देखिये, सिक्योरिटी भी है."

मागोमाग घोरपडे साहेब धापा टाकत मंचावर चढले. मंचावर कुंड्या होत्या, टेबलावर प्रतींचा गठ्ठा होता आणि त्यामागे शिकलगार मॅडम शांत उभ्या होत्या. नाथाजी पाण्याचा तांब्या घेऊन मागे.

फौजदारांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "ह्योच का त्यो पेपर?"

"हाच," मॅडम म्हणाल्या.

"तुमीच भाईर काढला?"

"मीच."

"सगळ्यांदेखत कबूल करताय?"

"यात लपवण्यासारखं काय आहे? मला अभिमान आहे."

फौजदारांच्या नोकरीत असा गुन्हेगार कधी आला नव्हता. त्यांनी वरची प्रत उचलून उघडली आणि बराच वेळ बघितली.

"ही काय हाय?"

"मेंढी."

"मेंढी वळकती मी. आमच्या आप्पांची दोनशे हायत. पर प्रश्नपत्रिकेत मेंढी कशाला?"

"प्रश्नपत्रिका?" मॅडमनी फौजदारांकडे पाहिलं, मग घामाघूम घोरपड्यांकडे, मग खिडकीत लोंबकळणाऱ्या पोरांकडे, आणि शेवटी सावकाश मान वळवून नाथाजींकडे. नाथाजींच्या हातातला तांब्या आपोआप कलला आणि पाणी त्यांच्याच बुटात गेलं.

घोरपडे साहेबांनी प्रत जवळजवळ हिसकावून घेतली. उद्याची प्रश्नपत्रिका त्यांनी पाहिली होती. तिच्यात मेंढी नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "हा तो पेपर नाही! आपला पेपर सुरक्षित आहे! थांबा, मी सांगून टाकतो सगळ्यांना आणि घरी पाठवतो."

ते माइककडे निघाले. नाथाजींना पुढचं सगळं दिसलं. साहेब दोन वाक्यं बोलतील, हॉल रिकामा होईल, पहिल्या रांगेत समितीची तीन माणसं उरतील आणि ती विमान पकडून जातील. चार वर्षांचं ऊन वाया, तेही एका शब्दापायी, आणि तो शब्द नाथाजींचा. ते मॅडमजवळ गेले आणि पुटपुटले, "मॅडम, माजं चुकलं. मला काय बी शिक्षा द्या."

"नंतर देते," मॅडम म्हणाल्या आणि घोरपडे साहेबांच्या आधी माइकपाशी पोचल्या.

"मंडळी, मी खोटं बोलणार नाही," त्यांनी सुरुवात केली. "तुम्ही ज्या पेपरासाठी आलात, तो बाहेर आलेला नाही आणि येणारही नाही. हा वेगळा पेपर आहे. हा परीक्षेत येणार नाही. हा तुमच्या रानात येईल. ज्यांना जायचंय त्यांनी जावं."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. अर्धी माणसं उठली. अध्यक्षांना मराठी येत नव्हती. त्यांना वाटलं, लोक मॅडमना उभं राहून मानवंदना देतायत. तेही उठून टाळ्या वाजवायला लागले.

उठलेली माणसं दारापाशी जाऊन थांबली, कारण दाराला शिपाई होता. त्याने फौजदारांकडे पाहिलं. फौजदार पहिल्या रांगेत राखीव खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि हातातल्या प्रतीचं पान उलटत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "चौकशी संपली न्हाई अजून. बसा समद्यांनी."

सगळे बसले. पोरांनी वेगळाच हिशोब मांडला. खिडकीतला एकजण दुसऱ्याच्या कानाला लागला, "मॅडम न्हाई म्हंत्यात, म्हंजे नक्की येणार. समितीसमोर व्हय कसं म्हणतील?" झालं. खिशांतून पेनं निघाली, आणि ज्या पोरांनी वर्षभर मॅडमच्या तासाला एक ओळ उतरवली नव्हती, ती मॅडमचा खोकलासुद्धा लिहून घ्यायला लागली.

आणि मॅडम बोलल्या. त्या कशा बोलल्या, हे नाथाजी आजही भेटेल त्याला सांगतात. एक इंग्रजी शब्द नाही, एक आलेख नाही. आटपाडीच्या माळावर दुपारी जमीन कशी तापते, झाडाला दिलेलं पाणी मुळाला मिळायच्या आधी वारा कसा पिऊन जातो, आणि ज्या मेंढरांना आपण उन्हात पाहतो ती अंगावर एवढी लोकर घेऊन जिवंत कशी राहतात, हे त्यांनी असं सांगितलं, की मागच्या सतरंजीवरचा माणूसही गुडघ्यांवर उठून बसला. मग त्यांनी दोन कुंड्या पुढे सरकवल्या. दोन्हींना एकाच वेळी, सारखंच पाणी घातलं होतं. एकीवर लोकरीची चकती होती, दुसरी उघडी.

"कुणीतरी या आणि हात घालून बघा."

ज्योतिबा देवकर पोराचा हात सोडून मंचावर आले. उघड्या कुंडीत त्यांनी बोट खुपसलं. माती भुसभुशीत सुकी. चकती बाजूला करून दुसऱ्या कुंडीत बोट घातलं आणि ते तसेच उभे राहिले.

"काय लागलं?" मॅडमनी विचारलं.

"आवं, गार हाय की!" ते हॉलकडे वळून ओरडले. "गार हाय रं!"

त्यानंतर मंचावर जी रांग लागली ती आवरायला पोलीस खरोखरच उपयोगी पडले. प्रत्येकाला बोट घालायचं होतं. घोरपडे साहेबही रांगेत उभे राहिले, पण आपण व्यवस्था बघतोय अशा चेहऱ्याने. फौजदार यमगरांनी हात वर केला.

"मॅडम, आमच्या आप्पांच्या दोनशे मेंढरांची लोकर दरसाल ओढ्यात जाती. ती तुमी घेनार?"

"घेणार म्हणजे? मीच मागायला येणार होते. पण शेतकरी बाग द्यायला तयार झाले, तरच."

"माजी घ्या!" देवकर म्हणाले. "पोराचं काय व्हायचं ते हुईल. बाग लिवून घ्या आदी."

मग एकेक हात वर होत गेला. पोरांना पाठांतराला घेऊन आलेले बाप आपापल्या बागा सांगायला लागले. पन्नास मागितल्या होत्या, मोजणाराच थकला. अध्यक्ष उठले आणि माइकवर म्हणाले, की देशभर ते अनेक विद्यापीठांत गेले, अनेकदा त्यांनाच भाषण करून स्वतःच ऐकावं लागलं. पण शोधकार्य ऐकायला इतके लोक येतात की पोलिसांना दारं लावावी लागतात, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. "डॉक्टर शिकलगार, आप बस काम शुरू कीजिये."

मॅडमनी बाजूला पडलेली चकती पुन्हा कुंडीवर नीट बसवली आणि तोंड फिरवून पदराने चष्मा पुसला. नाथाजींनी ओल्या बुटांची टाच टाचेला जुळवून खरोखरीचा सलाम ठोकला. बुटातून पचकन आवाज आला, पण टाळ्यांत तो कुणाला ऐकू गेला नाही.

परीक्षा ठरल्याप्रमाणे झाली. मेंढीवर प्रश्न आला नाही. तरीही 'जमिनीतील ओलावा टिकवण्याचे उपाय' या एका प्रश्नाला साईराज देवकरने चार पानं निव्वळ मेंढी लिहिली, आणि तिसऱ्या खेपेला का होईना, पास झाला.

नाथाजींना घोरपडे साहेबांच्या सहीचा मेमो मिळाला : यापुढे 'पेपर' हा शब्द आणि 'बाहेर येणे' हे क्रियापद जनसंपर्क विभागाने एका वाक्यात वापरू नये. नाथाजींनी माफी लिहून दिली आणि दोन शब्दांना वेगवेगळ्या परिच्छेदांत राहायला लावलं.

पंधरवड्याने एका दुपारी घोरपडे साहेब स्वतः त्यांच्या खोलीत आले. नाथाजी ताडकन उठले.

"साहेब, मेमोचं उत्तर मी कवाच दिलंय."

"ते नाही हो." साहेबांनी दार लावून घेतलं. खुर्चीवर बसले, मग उठून कडी लागली का ते पाहिलं आणि पुन्हा बसले. पिशवीतून त्यांनी कडा पिवळ्या पडलेली चार पानं काढली आणि टेबलावर ठेवली. पानांवर आकड्यांपेक्षा ग्रीक अक्षरं जास्त होती.

"माझा आहे," ते म्हणाले. "गणितातला. मी नियंत्रक होण्याच्या आधीचा. लिहायला सहा वर्षं लागली होती."

"कुनी कुनी वाचलाय साहेब?"

"मी. माझ्या गाइडनी. ते वारले." साहेबांनी पानं सरळ केली. "तसा सोपा आहे. म्हणजे बघा, एखादी संख्या घ्या, कुठलीही घ्या..." आणि ते सांगत सुटले. नाथाजींना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण या माणसाचा चेहरा इतका उघडा त्यांनी कधी पाहिला नव्हता, म्हणून ते ऐकत राहिले. सांगून झाल्यावर साहेब एकदम ओशाळले.

"मग, काय करायचं म्हंता साहेब?"

घोरपडे साहेबांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि टेबलावर वाकून कुजबुजले, "सुभेदार, हा जरा फोडता का?"

नाथाजींनी मोबाइल हातात घेतला.

"आणि हे बघा," साहेबांचा आवाज आणखी खाली गेला. "फोडला कुणी, हे सगळ्यांना कळलं पाहिजे बरं का. माझं नाव स्पष्ट घाला. आद्याक्षरांसकट."